गोटीरामच्या डोक्याचा ग्राफ

मानवी मेंदू हे या विश्वातलं सगळ्यात गूढ आणि गहन यंत्र असून त्याच्या आतला कारभार उलगडून दाखवणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच आहे, याबद्दल गोटीराम गतीर यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. हा एकमेव माणूस दहावीला विज्ञानात अठ्ठावीस मार्क मिळवून थांबला होता. आत्ता, सकाळी साडेनऊ वाजता, तो डॉक्टर निमकरांच्या दवाखान्यामागच्या मोरीत उकिडवा बसून भांड्यात बेसन कालवत होता.

बेसन भज्यांसाठी नव्हतं. मेंदू आपली वीज आपणच तयार करतो, तीही कधी लोडशेडिंग न करता. पण ती इतकी किरकोळ असते की हजार डोकी एकाला एक जोडली तरी हातातल्या बॅटरीचा दिवा पेटायचा नाही. ही वीज मोजायची तर डोक्याची टेपने मापं घ्यायची, लाल पेन्सिलीने खुणा करायच्या आणि त्या खुणांवर एकवीस वायरींची टोकं पेस्ट लावून चिकटवायची. कातडी आणि वायर यांच्यामध्ये तेल आलं की वीज आतच राहते आणि बाहेर येतो तो नुसता कचरा. आणि आपल्याकडे डॉक्टरला डोकं दाखवायला निघालेला माणूस काय करतो? आधी वाटीभर खोबरेल थापतो, चापूनचोपून भांग पाडतो आणि मगच एसटीत बसतो. चारचौघांत न्यायचं डोकं ते नीटनेटकं नको?

यावर गोटीरामने दोन उपाय काढले होते. पहिला तोंडी. खिडकीवर तारीख देताना तो प्रत्येकाला तीनदा बजावायचा, की आदल्या दिवशी शिकेकाईने न्हायचं, तेलाचा थेंब नको, डोकं कोरडं आणायचं. दुसरा उपाय बेसनाचा. एवढं ऐकूनही जे तेल थापून येत त्यांना मोरीत बसवून तो त्यांच्या डोक्याला बेसन चोळायचा, गरम पाण्याने धुवायचा आणि पंच्याने खसाखसा पुसून आत घ्यायचा. हे कुठल्या पुस्तकात नाही, ही माझी पद्धत आहे, असं तो सांगायचा, आणि ते खरं होतं.

सत्त्याऐंशी साली डॉक्टरांनी ही वीज मोजायचं मशीन आणलं तेव्हा गोटीराम घोटीहून नुकताच येऊन स्ट्रेचर ओढायच्या कामाला लागला होता. मुंबईचा कोणी तंत्रज्ञ नाशिकला यायला तयार होईना, म्हणून डॉक्टरांनी त्यालाच शिकवलं. मशीनला आठ पेनं होती. पेशंट डोळे मिटून पडला की ती आठही पेनं शाईने कागदावर सरसर लाटा काढायची आणि घड्या पडत पडत कागद खालच्या ट्रेमध्ये जमा व्हायचा. ग्राफ संपला की गोटीराम तो व्हरांड्यात उलगडायचा, चांगला तीस-तीस फूट. मग डॉक्टर चपला काढून गुडघ्यांवर बसायचे, शेजारी गोटीराम, आणि दोघं त्या कागदावरून रांगत पुढे सरकायचे. डॉक्टर एखाद्या उसळीवर बोट ठेवून विचारायचे, "हे काय, गोटीराम?" गोटीराम सांगायचा, "ते काही नाही साहेब, तेव्हा पोरगं शिंकलं." डॉक्टर हुंकार द्यायचे आणि पुढे रांगायचे. एवढा मोठा एम.डी. डॉक्टर आपल्या शब्दावर पुढे रांगतो, हे सुख गोटीरामने बारा वर्षं रोज भोगलं होतं. वापरून झालेले ग्राफ तो घरी नेई. त्याच्या बायकोच्या, कमळाबाईच्या फळीवरचे झाडून सगळे डबे लोकांच्या मेंदूवर ठेवलेले होते.

पेशंटना मात्र त्या मशीनची भीती वाटायची. आपल्या मनातलं सगळं त्या कागदावर उतरतं, अशी त्यांची खात्री असे. लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी चक्कर येते म्हणून आला होता. वायरी लावून झाल्यावर तो उठूनच बसला आणि उद्या लिलावात आपण काय भाव पुकारणार ते यात दिसतं का, ते आधी सांगा म्हणाला. अशांसाठी गोटीरामचं एक वाक्य ठरलेलं होतं. "यात विचार दिसत नाहीत. नुसती वीज दिसते." हे तो इतक्या शांतपणे सांगायचा की माणसं पुन्हा आडवी व्हायची.

तर त्या सकाळी, नव्व्याण्णव सालच्या ऑगस्टात, गोटीराम बेसन कालवत असताना दारात टेम्पो आला आणि त्यातून नवीन मशीन उतरलं. या मशीनला पेनं नव्हती. शाई नव्हती, कागदही नव्हता. टीव्हीसारखा एक डबा होता आणि त्याच्यावर लाटा दिसायच्या. मशीनला गार हवा लागते म्हणून खोलीत एसी बसवला गेला. त्याच खोलीत गोटीराम बारा वर्षं एका टेबलफॅनवर होता, आणि तो फॅनसुद्धा कागद उडतो म्हणून बंद ठेवावा लागे.

मशीनच्या मागोमाग ज्योत्स्ना बागूल आली.

ज्योत्स्ना चोवीस वर्षांची, सटाण्याची. मुंबईला दोन वर्षांचा कोर्स करून आलेली. तिला चाकांची खुर्ची मिळाली. त्या खुर्चीत बसल्या बसल्या ती मशीनपासून पेशंटपर्यंत आणि पेशंटपासून मशीनपर्यंत घरंगळत जायची. पेशंट गोटीरामला 'ओ मामा' म्हणायचे, तिला 'मॅडम' म्हणायला लागले. तिच्या बागलाणाकडची एखादी म्हातारी घाबरून वायरीला हात लावू देईना, तर ज्योत्स्ना अहिराणीत म्हणायची, "घाबरू नको माय, काहीच नई व्हत," की म्हातारी तिचाच हात धरून पडून राहायची. गोटीरामला वाटे, हे काही शास्त्र नाही, हा नातेवाईकपणा झाला.

डॉक्टर दिवसातून किती वेळा 'ज्योत्स्ना' म्हणतात हे त्याने पहिल्या दिवशी मोजलं. अकरा. दुसऱ्या दिवशी सतरा. 'गोटीराम' चार वेळा झालं, त्यातलं दोनदा चहासाठी. आता ग्राफ व्हरांड्यात उलगडायचा नव्हता. डॉक्टर आपल्या केबिनमध्ये बसून बटण दाबायचे आणि त्यांना एकट्यालाच तो दिसायचा. बारा वर्षं गुडघ्यांनी गुळगुळीत झालेली व्हरांड्यातली फरशी रिकामी पडली. गोटीराम तिच्यावरून जाताना जरा बाजूने जायचा.

मराठी माणसाला दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखतं, हे सर्वांना माहीत आहे. गोटीरामची गोष्ट वेगळी होती. तो डोक्याच्या दवाखान्यातला माणूस. त्याचं दुखणं डोक्यात होतं. त्याने ज्योत्स्नामध्ये खोट शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला. वेळेवर यायची. उलट बोलायची नाही. त्याला 'काका' म्हणायची, आणि काही अडलं की विचारायचीही. तिच्यात संतापण्यासारखं काही सापडेना, याचा त्याला सगळ्यात जास्त संताप आला. दोन हजार साल उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, असं पेपरात आलं होतं. गोटीरामने ती बातमी कापून खिशात ठेवली. पण त्याला अजून चार महिने होते, आणि मशीन कंपनीने महिनाभराच्या चाचणीवर दिलेलं होतं. महिना संपला की डॉक्टरांनी सही करायची, नाहीतर मशीन परत. मशीन राहिलं तर जुनं भंगारात जाणार. जुनं भंगारात गेलं की त्याच्यावरचा माणूस कुठे जातो, हे गोटीरामला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात देवळाली कॅम्पातली एक बाई खिडकीवर तारीख घ्यायला आली. गोटीरामने चिठ्ठी लिहिली. शिकेकाईचं सांगायला तोंड उघडलं. मग त्याच्या मनात आलं, या मशीनला सगळं कळतं, असं डॉक्टर म्हणाले होते. मग कळू दे की. आणि त्याने तोंड मिटलं.

तो खोटं काही बोलला नाही. त्याचं फक्त खरं सांगायचं राहून गेलं. पुढच्या माणसालाही राहून गेलं. त्याच्या पुढच्यालाही.

मग तेलकट डोकी येऊ लागली. खोबरेल, बदाम, आवळा, एक तर करडईचं. ज्योत्स्ना स्पिरिटचे बोळे घेऊन तासतासभर एकेक डोकं पुसत बसायची. खिडकीवर काका बजावतातच, लोकच ऐकत नाहीत, असं धरून ती डॉक्टरांकडेही तक्रार करायची नाही. तरी पडद्यावर लाटांच्या जागी जाड काळे पट्टे यायचे. बेसनाचं तिला ठाऊक नव्हतं, आणि गोटीरामने डबा मोरीतून उचलून आपल्या कपाटात ठेवला होता. बाहेर बाकांवर रांग वाढू लागली. डॉक्टर केबिनमध्ये बटण दाबून कपाळाला आठ्या घालायचे. मशीनमध्येच काहीतरी दोष दिसतो, असं त्यांनी कंपनीच्या माणसाला फोनवर ऐकवलं. आणि एका दुपारी ते व्हरांड्यात आले.

"गोटीराम, जुनं मशीन चालू स्थितीत आहे ना?"

"शाई भरून ठेवली आहे, साहेब," गोटीराम म्हणाला. त्या दिवशी तो घरी गेला तो शीळ घालत. कमळाबाईने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही, हवा चांगली आहे.

चाचणीच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, पेठकडून कुसाबाई आली. बरोबर तिची आठ वर्षांची मुलगी सायली. ही पोर वर्गात बसल्या बसल्या मध्येच थिजायची. डोळे उघडे, पण आत कोणी नाही. पाच-सात सेकंदांनी पुन्हा जागेवर. गुरुजी म्हणायचे, लक्ष नाही. डॉक्टरांना वेगळी शंका होती. मेंदू पेंगुळला की आतली खोड लवकर दाखवतो, म्हणून त्यांनी मुलीला रात्रभर जागं ठेवून आणायला सांगितलं होतं. कुसाबाईने तिला रात्रभर अंगणात फिरवलं, फुटाणे खायला घातले, ठाऊक होती ती सगळी गाणी म्हटली आणि पहाटेच्या एसटीत घातलं. फक्त निघण्याआधी तिचं डोकं तेलाने चपचपीत माखून दोन घट्ट वेण्या घातल्या आणि लाल रिबिनी बांधल्या.

ज्योत्स्नाने दोन तास खटपट केली. पोर झोपली, झोपून उठली, पण पडद्यावर पट्ट्यांखेरीज काही आलं नाही. शेवटी तिने गुरुवारी परत यायला सांगितलं. पुन्हा रात्रभर जागवून.

कुसाबाई तक्रार न करता खिडकीवर तारखेची चिठ्ठी घ्यायला आली.

"मामा, आमचं काय चुकलं का?" तिने विचारलं. "मॅडम काय बोलल्या नाय, पर त्यांचं त्वांड उतरलं व्हतं. आम्ही समदं सांगितल्यावाणी केलं. डोकं डागदरला दावायचं म्हणून येणीफणीबी करून आणली. इस्कटलेलं कसं आणायचं?"

गोटीरामने 'गुरुवार, अकरा' असं लिहिलं. कोरडं डोकं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण नेमकी तेवढ्यात मागून ज्योत्स्ना गेली आणि आतून डॉक्टरांची हाक आली, "ज्योत्स्ना." त्या दिवसाची ती चौदावी. गोटीरामने चिठ्ठी खिडकीतून पुढे सरकवली.

दोन मिनिटांनी तो फाटकापर्यंत पळत गेला. पण मायलेकी निघून गेल्या होत्या. रस्त्यावर नुसती एक रिक्षा उभी होती आणि रिक्षावाला म्हणाला, "सीबीएस? एसटी स्टँड?"

मंगळवार-बुधवार गोटीरामला जेवण गेलं नाही. पोर पुन्हा रात्रभर जागणार, पुन्हा वेण्या घालून येणार, हे त्याला ताटात दिसायचं. आणि मशीन परत जाणार, याचा आनंदही व्हायचा. दोन्ही एकदमच व्हायचं, त्यामुळे घास कुठल्या बाजूला फिरवावा ते कळेना. गुरुवारी सकाळी कमळाबाईने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अहो, तव्यासारखं तापलंय डोकं. इतकं काय साठवून ठेवलंय आत?"

तो म्हणाला, काही नाही. कमळाबाईचा अशा 'काही नाही'वर एकच उपाय होता. तिने ब्राह्मी-माक्याचं तेल कोमट केलं आणि गोटीरामला पाटावर बसवून त्याच्या टाळूवर चांगलं वाटीभर जिरवलं. उरलेसुरले केस त्या तेलात चपटे होऊन बसले. गोटीराम दुसऱ्याच विचारात होता. त्याने मानेखालून आंघोळ केली आणि तो दवाखान्यात गेला.

गुरुवार हा चाचणीचा शेवटचा दिवस होता. कंपनीचा माणूस बारा वाजता यायचा होता. मशीन राहिलं तर सही घ्यायला, नाहीतर टेम्पोत भरून न्यायला. डॉक्टरांनी ठरवलं की एक शेवटची परीक्षा घ्यायची. आजारी डोकं नको. ज्यात काही नाही अशी पक्की खात्री आहे, असं एक डोकं घ्यायचं. त्याचाही ग्राफ खराब आला तर दोष मशीनचा. त्यांनी दवाखान्यात नजर फिरवली. कंपाउंडर म्हणाला, मला गोळ्या मोजायच्या आहेत.

"गोटीराम, तुम्ही झोपा," डॉक्टर म्हणाले.

बारा वर्षांत गोटीराम त्या खाटेवर पहिल्यांदाच आडवा झाला. छताला पोपडे आले होते, हे त्याला कधी कळलं नव्हतं. ज्योत्स्ना घरंगळत आली. तिने टेप लावली, खुणा केल्या, बोटं टाळूवर फिरवली आणि थांबली. आपल्या बोटांकडे पाहिलं. मग स्पिरिटचा बोळा घेऊन पुसू लागली. एक बोळा, दुसरा, सहावा.

हिला कळलं, असं गोटीरामला वाटलं. काय कळलं ते त्याला सांगता आलं नसतं, पण कळलं.

"डोळे मिटा काका. मनात काही आणू नका."

गोटीरामने डोळे मिटले. यात विचार दिसत नाहीत, नुसती वीज दिसते, असं त्याने स्वतःला बजावलं. पण हे वाक्य त्याने आजवर फक्त दुसऱ्यांना सांगितलं होतं. आपल्याला सांगताना ते जरा पोकळ वाजलं. कारण त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की माणसाने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला नऊ-दहा अशा सुरेख लाटा येतात, आणि त्याला सत्तावीस गुणिले सहा किती म्हणून विचारलं की त्या मोडतात. म्हणजे गणित दिसतं. साधं गणित जर दिसतं, तर पाप का दिसणार नाही? आणि बारा वर्षांत त्या मशीनखाली फिटचे, चकरांचे, अर्धशिशीचे पेशंट आले होते. जळका माणूस कोणी आणलाच नव्हता. तपासलंय कोणी?

त्याने घाईघाईने घाटनदेवीचं ध्यान केलं. देवी दिसली. पण ती चाकांच्या खुर्चीत बसली होती.

दार वाजलं. डॉक्टर आत आले.

"हे काय आहे?" डॉक्टर म्हणाले.

गोटीरामने डोळे उघडले. पडद्यावर आडवे जाड काळे पट्टे पसरले होते आणि त्यांच्यामधून सुयांसारखे काटे वर येत होते. असा ग्राफ दुसऱ्या कोणाचा असता तर त्याने दारातूनच सांगितलं असतं, की काय आहे आणि कुठल्या दुकानाचं आहे. पण हे डोकं त्याचं स्वतःचं होतं. एवढा काळा पट्टा आपल्या आत होता, आणि टोपी घालून आपण तो गावभर हिंडवत होतो, या विचाराने त्याला घाम फुटला. घामाने काटे आणखी वाढले.

तो एकवीस वायरींसकट उठून बसला.

"साहेब, मीच सांगतो. मी पेशंटला सांगत नव्हतो."

"काय सांगत नव्हता?"

"तेल लावू नका म्हणून. तीन आठवडे झाले. मशीन चांगलं आहे. बाईही चांगल्या आहेत. मला ते सहन होईना. तुम्ही दिवसातून सतरा-सतरा वेळा हाक मारता यांना. बेसनपण मीच लपवलं, माझ्या कपाटात आहे. पेठची पोर त्या दिवशी परत गेली, ती माझ्यामुळे गेली."

डॉक्टर ऐकून घेत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पडद्याजवळ वाकून तो पट्टा नीट पाहिला.

"ज्योत्स्ना, हे सगळं ग्राफवर आहे?"

"नाही सर," ज्योत्स्ना म्हणाली. "ग्राफवर फक्त तेल आहे."

गोटीरामने हात वर नेऊन टाळू चाचपली. मग त्या हाताचा वास घेतला. ब्राह्मी-माका.

डॉक्टरांनी ज्योत्स्नाला विचारलं, की मग हे आधीच का नाही बोललीस. ती खाली बघत म्हणाली, कोरड्या डोक्याचा नियम काकांचाच, असं कंपाउंडरकडून तिने ऐकलं होतं. ते स्वतः तेल लावून आले म्हणजे आपली परीक्षा घेत असतील, असं तिला वाटलं; म्हणून ती गुपचूप पुसत बसली. डॉक्टरांनी चष्मा पुन्हा काढून पुसला.

तेवढ्यात दारात कुसाबाई उभी राहिली. सायलीला तिने काखेत धरलं होतं, कारण पोर उभ्या उभ्या पेंगत होती. वेण्या मागच्यापेक्षा घट्ट होत्या, रिबिनी नव्या होत्या आणि कपाळावरून तेलाचा ओघळ भुवईपर्यंत आला होता.

"मागल्या टायमाला येणी ढिली झाली आसंल," कुसाबाई म्हणाली. "आज दुप्पट त्याल लावलंय, मामा. एक केस हलायचा नाय."

गोटीराम खाटेवरून उतरला. ज्योत्स्नाने मशीनमधून वायरींची पिन पटकन उपटली, नाहीतर मशीनही त्याच्याबरोबर गेलं असतं. डोक्यावरून लोंबणाऱ्या एकवीस वायरी मुंडावळ्यांसारख्या हलवत तो कपाटापाशी गेला, डबा घेतला आणि पोरीला उचलून मोरीत आला. त्याला त्या अवतारात पाहून सायली पेंगायची थांबली आणि हसायला लागली. ते बरंच झालं, कारण अजून तिला झोपू द्यायचं नव्हतं. त्याने वेण्या सोडल्या, बेसन चोळलं, गरम पाणी ओतलं, परत चोळलं. ज्योत्स्ना दारात उभं राहून किती बेसन, किती पाणी, किती वेळ चोळायचं ते बघत होती. आपली पद्धत हिने उचलली तर उचलू दे, असं गोटीरामला वाटलं. म्हणजे पूर्ण वाटलं नाही. निम्मं वाटलं.

कोरड्या डोक्यावर वायरींचा दुसरा संच वीस मिनिटांत बसला. गार हवेत पोर लगेच झोपली, आणि पडद्यावर सोळा रेघा उमटल्या, एकेक वेगळी, स्वच्छ. गोटीरामने आठ पेनांवर एवढं नितळ कधी पाहिलं नव्हतं. तो दारातच उभा होता. मग अचानक सोळाही रेघा एकदम उसळल्या. टोकदार सुळका आणि पाठोपाठ गोल टेकडी, सुळका आणि टेकडी, सेकंदाला तीन, असे सहा सेकंद. मग पुन्हा सगळं शांत.

"साहेब," गोटीराम कोणी न विचारताच म्हणाला, "ही शिंक नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कुसाबाईला बाजूला नेऊन सांगितलं, की पोर लक्ष देत नाही असं नाही. तिच्या मेंदूत विजेची एक लाट मध्येच येते, तेवढ्यापुरती ती इथे नसते. गोळ्यांनी हे बहुतेक आवरतं, नेमाने द्यायच्या. कुसाबाईने गुरुजींना दाखवायला तसं कागदावर लिहून मागितलं.

ग्राफ पुन्हा नीट पाहायला डॉक्टर केबिनमध्ये गेले. त्यांनी हाक मारली ती "गोटीराम" अशी होती. गोटीराम आत गेला आणि बारा वर्षांच्या सवयीने पडद्यासमोर गुडघ्यांवर बसला. डॉक्टरांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"दोन वर्षं झाली, गोटीराम, गुडघे गेलेत माझे," ते हळूच म्हणाले. "तुम्ही मोठ्या हौसेने कागद उलगडायचे, म्हणून रांगत होतो. घरी जाऊन शेक घ्यायचो. हे मशीन मी त्यासाठी आणलं. खुर्चीत बसून बघता येतं."

बारा वाजता कंपनीचा माणूस आला. डॉक्टरांनी सही केली. तेलाचं ते पुन्हा काही बोलले नाहीत. फक्त जाता जाता म्हणाले, की तारखेच्या चिठ्ठ्या आता छापूनच घ्या, मोठ्या अक्षरांत. हा क्षमेचा भाग की शिक्षेचा, हे गोटीरामला ठरवता येईना.

तो परत खोलीत आला. ज्योत्स्ना त्याच्या डोक्यावरच्या वायरी एकेक करून सोडवायला लागली. गोटीरामने मनाशी एक मोठं भाषण जुळवलं. बारा वर्षं आपण या जिल्ह्याच्या मेंदूंची सेवा केली. आता नवा जमाना आला. माणसाने आपली जागा ओळखावी. या खाटेवर आज आपल्याला आपल्या अंतरंगाचं दर्शन झालं. सुरुवात चांगली जमली होती. त्याने घसा खाकरला.

"ज्योत्स्नाबाई, माणसाचा मेंदू ही गोष्टच अशी आहे..."

"काका," शेवटची वायर सोडवत ज्योत्स्ना म्हणाली, "तुमचा ग्राफ उद्या परत घ्यावा लागेल. येताना तेवढं तेल नका लावू."